घेऊ की नको?

ड्रीम गिटार समोर आहे, क्रेडिट कार्ड खिशात आहे आणि पाय दोन डगरींवर... दोन लाखांच्या एका मोहाचा हा रोखठोक हिशेब.

प्रत्येकाची एक 'ती' असते. कुणाची बुलेट असते, कुणाचा एखादा कॅमेरा, कुणाची लडाखची ट्रिप. ती लॅपटॉपच्या वॉलपेपरवर असते, विशलिस्टमध्ये असते आणि अप्रेझलचं पत्र हातात पडलं की सगळ्यात आधी तीच आठवते. माझी 'ती' म्हणजे अमेरिकन बनावटीची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. रंग सनबर्स्ट, फिंगरबोर्ड शिसवी. पुण्यातल्या दुकानात सांगितलेली किंमत, रुपये दोन लाख दहा हजार फक्त. ते 'फक्त' बिलाच्या भाषेतलं आहे हं, माझं नव्हे!

माझ्याकडे गिटार नाही असं नाही. कॉलेजात असताना, २०१६ साली, सोळा हजारांना घेतलेली स्क्वायर आहे. अर्धे पैसे दादाचे, अर्धे माझ्या ट्यूशन्सचे. रविवारी आम्ही चौघं जमतो आणि वाजवतो. दोघं हिंजवडीचे आयटीवाले, एक डेंटिस्ट आणि मी. मास कॉमची डिग्री, आधी नोकरी आणि आता दीड वर्ष फ्रीलान्सिंग. म्हणजे महिन्याच्या एक तारखेला खात्यात काय येईल हे बँकेलाही माहीत नसतं आणि मलाही. एका मासिकाकडे माझ्या चार लेखांचं मानधन सात महिने अडकलंय. अशा मुलीने दोन लाखांची गिटार घ्यावी का?

आईचं उत्तर तयार आहे. "त्यापेक्षा सोनं घे. सोनं वाढतं." बाबा म्हणतात, "तुझं तू बघ." बॅण्डमधले म्हणतात, "घे यार, आयुष्य एकदाच आहे." तिघांचंही बरोबर आहे, म्हणूनच पंचाईत आहे. मग मी ठरवलं, या प्रश्नाकडे बातमीसारखं बघायचं. माहिती काढायची, चार लोकांशी बोलायचं, आकडे मांडायचे आणि मग काय तो निकाल लावायचा.

लिओभाऊंचा उद्योग

आधी या वेडाचं मूळ. स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली १९५४ साली, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून. तिचा जन्मदाता लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्यामुळे झालं काय, की त्याने गिटारकडे दुरुस्त करता येईल असं यंत्र म्हणून पाहिलं. गिटारची मान, म्हणजे नेक, धडाला चिकटवण्याऐवजी सरळ स्क्रूने बसवली. बिघडली? काढा, दुसरी लावा. पिकअप गेले? बदला. वाजवणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून त्याने धडाच्या कडा गोलसर केल्या, म्हणजे बरगडीला टोचणार नाही. तीन पिकअप, कंबरेत घेतलेली ती नाजूक वळणं... सत्तर वर्षं झाली, मूळ आकार तोच आहे. डिझाइन असावं तर असं!

आमच्या पिढीला हे वेड लागलं ते सिनेमातून. 'दिल चाहता है' आला २००१ मध्ये, 'रॉक ऑन' २००८ मध्ये, आणि दोन्हींचं संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. त्यातल्या एहसान नूरानींच्या नावाची सिग्नेचर स्ट्रॅट पुढे फेंडरने काढली. मुंबईच्या वॉरन मेंडोन्साने तर आपल्या प्रोजेक्टचं नावच 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' ठेवलं. मग २०१० साली पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर सुरू झाला, आणि पोस्टरवरच्या गिटारी आपल्याच गावात, आपल्यासमोर वाजायला लागल्या. सुट्टीत मुंबईला गेलं की धोबी तलावच्या फुर्ताडोजच्या काचेला नाक लावून उभं राहायचं हा माझा ठरलेला कार्यक्रम. हे दुकान १८६५ सालचं आहे. काचेला नाक लावणारी मी काही पहिली नसणार.

तर मोह असा जुना आहे. प्रश्न आहे, त्या मोहाच्या किमतीत नक्की काय मिळतं हा.

दोन लाख जातात कुठे?

फेंडरच्या घरात सरळ उतरंड आहे. सगळ्यात वर अमेरिकेतल्या कोरोना या गावच्या कारखान्यात बनलेल्या गिटारी. (नाव काय निवडलंय!) मधल्या पायरीवर मेक्सिकोतल्या एन्सेनाडाच्या. आणि खाली स्क्वायर या नावाने इंडोनेशिया, चीनमध्ये बनणाऱ्या. स्क्वायर ही मुळात तारा बनवणारी जुनी कंपनी. फेंडरने १९६५ साली ती घेतली आणि १९८२ पासून ते नाव स्वस्त गिटारींना दिलं. आकार तिघींचा एकच. चार हात लांबून आईला दाखवल्या तर ती म्हणेल, "एकाच तर आहेत सगळ्या!"

फरक जवळून कळतो. पहिला फरक पिकअपचा. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाइतकी बारीक तांब्याची तार, तिचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये वीज तयार होते आणि ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. बस, इतकंच! महागड्या गिटारमध्ये सहसा अल्निकोचे चुंबक असतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचं मिश्रण. माझ्या गिटारमध्ये होते स्वस्तातले सिरॅमिक.

दुसरा फरक हाताला लागतो. फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरच्या त्या धातूच्या आडव्या पट्ट्या. त्यांची टोकं किती नीट घासली आहेत, नेकच्या कडा किती मऊ आहेत, यात माणसाचे तास जातात आणि तास म्हणजे पैसे. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि स्वस्त गिटारच्या फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळव्याला खरखरतात. एप्रिलमध्ये माझ्या स्क्वायरवरून हात फिरवा, मांजर नख मारतंय असं वाटेल.

तिसरा फरक खुंट्यांचा आणि नटचा. गिटारच्या सहा तारा मिळून नेकवर पंचेचाळीस किलोच्या आसपास ताण देत असतात. म्हणजे जवळजवळ एक माणूस लटकलाय म्हणा ना! हा ताण सांभाळून सूर न ढळू देणं हे खुंट्यांचं काम. इथे स्वस्त मालात कच खाल्ली जाते.

आणि चौथा फरक... तो गिटारमध्ये नाहीच. तो आहे जहाजात, आयातशुल्कात, जीएसटीत आणि नावात. यातला एक किस्सा ऐका. स्ट्रॅटच्या फिंगरबोर्डला जे रोजवुड लागतं, ते आज बरंचसं भारतातून जातं. डालबर्जिया लॅटिफोलिया, म्हणजे आपला शिसव! सह्याद्रीच्या जंगलातही वाढणारा. २०१७ च्या जानेवारीत या जातीच्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले, तेव्हा गिटार कंपन्यांची धावपळ झाली आणि काही मॉडेल्सना दुसरं लाकूड लागलं. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट मिळाली. थोडक्यात, शिसव इथून जातो, गिटार होऊन परत येतो आणि आपण त्याच्यावर कर भरतो. माहेरच्या मुलीला माहेरीच तिकीट!

कान खरे की डोळे?

हे सगळं वाचून मी बेसिस्टला गाठलं. त्याच्याकडे बेसबरोबर एक अमेरिकन स्ट्रॅटही आहे. (आयटी, बाबा!) शनिवार-रविवारसाठी ती उसनी घेतली. एकच अ‍ॅम्प, एकच केबल, बटणं त्याच जागी आणि एकच तुकडा दोन्ही गिटारवर वाजवून रेकॉर्ड केला. क्लिपना 'अ' आणि 'ब' अशी नावं दिली आणि गिटार कळणाऱ्या पाच मित्रमैत्रिणींना पाठवल्या. महाग कुठली ते सांगा.

पाचांपैकी दोघांनी बरोबर ओळखली. एकाने "सारख्याच आहेत, डोकं खाऊ नकोस" असं कळवलं. उरलेल्या दोघांनी माझ्या सोळा हजारांच्या स्क्वायरला अमेरिकन ठरवलं. त्यातला एक तर म्हणाला, "बघ ना, आवाजातच श्रीमंती आहे!" आता बोला.

पाच जणांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, मान्य. पण याच्या पुढची मजल नॅशव्हिलच्या जिम लिल नावाच्या गिटारिस्टने मारली आहे. त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर जरूर बघा. त्याने धड नाही, नेक नाही, नुसत्या तारा दोन पक्क्या आधारांमध्ये हवेत ताणल्या, खाली पिकअप ठेवला आणि वाजवलं. आवाज त्याच्या महागड्या गिटारच्या इतका जवळ, की ऐकून हसू येतं. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज घडवतात ते मुख्यतः पिकअप, त्यांची तारेपासूनची उंची आणि पुढचा अ‍ॅम्प व स्पीकर. लाकडावर आपण जितक्या रात्री वाद घातलेत, तितकी ते बिचारं बोलत नाही.

इतिहासही हेच सांगतो. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरची ती सुप्रसिद्ध काळी स्ट्रॅट घ्या. १९७० साली न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतलेली. पुढे त्याने तिची नेक बदलली, एकदा नव्हे, अनेकदा. पिकअप बदलले, तारा वाकवायची दांडी बदलली. २०१९ साली ख्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलर्सना गेली आणि गिल्मोरने लिलावाचे पैसे हवामानबदलावर काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. सुटे भाग बदलत राहिलेली गिटार, आणि किंमत अशी. लोकांनी मोजले ते पैसे तिच्यावर फिरलेल्या बोटांचे.

दुसरं टोक म्हणजे क्वीनचा ब्रायन मे. १९६३ साली, शाळकरी वयात, विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून त्याने वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. नेक जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीची, स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या, दांडीचं टोक आईच्या विणायच्या सुईचं. तीच गिटार १९८५ साली लाइव्ह एडला वाजली, आणि २००२ साली बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवरही. शेजारी गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे तर आपण महाबळेश्वरच्या प्रत्येक ट्रिपला एकमेकांना सांगतोच.

आत्याची जवारी

या सगळ्यात मला सगळ्यात कामाचं बोलली ती माझी आत्या. तिचा आणि इलेक्ट्रिक गिटारचा संबंध एवढाच, की मी वाजवायला लागले की ती दार लावून घेते. आत्या शास्त्रीय गाते. शाळेत शिकवायची, आता सत्तरी ओलांडलीये. तिच्याकडे मिरजेचा तंबोरा आहे, नोकरीत असताना पैसे साठवून घेतलेला. "तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी फ्रिज घेतले, मी तंबोरा," असं ती अजून मान ताठ करून सांगते.

मिरज म्हणजे तंतुवाद्यांची पंढरी, आणि भोपळे येतात तेही पंढरपूरच्या बाजूने. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तिथे तंबोरे-सतारी बनवायला घेतल्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. मी आत्याला विचारलं, "महागाचं वाद्य घेतलं की आवाज खरंच सुधारतो का गं?"

ती म्हणाली, "आधी जवारी बघ."

जवारी म्हणजे काय, तर तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग अगदी बारीक उतार देऊन असा घासायचा, की तार तिथे हलकेच टेकत थरथरली पाहिजे. मग तो गोल, घुमणारा नाद येतो. वापराने घोडी झिजते आणि नाद मरतो. मग कारागिराकडून जवारी काढून घ्यायची. "जवारी गेली असेल तर लाखाचा तंबोराही ठणठण वाजतो," आत्या म्हणाली. "आणि साध्या तंबोऱ्याची जवारी लागली ना, की बसवत नाही, गावंसंच वाटतं. तुझ्या त्या गिटारची जवारी शेवटची कधी काढलीस?"

गिटारच्या जवारीला सेटअप म्हणतात. माझ्या स्क्वायरचा सेटअप नऊ वर्षांत एकदाही झाला नव्हता.

गेले एका गिटारच्या डॉक्टरकडे. त्याने गिटार डोळ्यांसमोर बंदुकीसारखी धरली, नेकवरून नजर टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं दाताचे डॉक्टर बघतात. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची तीन मिलिमीटर होती, ती १.६ वर आणली. नेकच्या आतला पोलादी दांडा पिळून नेक सरळ केली. फ्रेटची टोकं घासली, नटच्या खाचा साफ केल्या, प्रत्येक तारेची लांबी जुळवली. मजुरी १,८००, नव्या तारा ७००, आणि सिरॅमिक काढून अल्निको पिकअप बसवायचे ७,५००. एकूण बरोबर दहा हजार.

आणि काय सांगू... नवी गिटार मिळाली! बोट ठेवलं की सूर. आधी ज्या जागी तार दाबायला जोर लावायचे, तिथे आता नुसतं टेकवायचं. एक वळण मी गेली दोन वर्षं 'आपल्याला जमत नाही' म्हणून सोडून दिलं होतं, ते तिसऱ्या दिवशी जमलं. अडचण बोटांत नव्हतीच, ती तीन मिलिमीटरमध्ये होती.

तासाला काय भाव?

आता पैशांचं. दुकानात ईएमआयचा पर्याय होताच. महिना १७,५०० रुपये, बारा महिने, 'नो कॉस्ट'. हे 'नो कॉस्ट' प्रकरण नीट वाचा. प्रोसेसिंग फी असते, व्याजाच्या भागावरचा जीएसटी असतो, आणि रोख दिले तर दुकानदार जी पाच टक्के सूट देत होता, ती ईएमआयवर मिळत नव्हती. म्हणजे साडेदहा हजार तिथेच गेले. शिवाय १७,५०० हा आकडा माझ्या घरभाड्याच्या वाट्यापेक्षा मोठा आहे, आणि माझं उत्पन्न भाड्याइतकं शिस्तीचं नाही.

माझ्या एफडीत दोन लाख साठ हजार आहेत. म्हणजे गिटार 'परवडते'. पण एक साधी वजाबाकी केली. माझा महिन्याचा खर्च ३२,०००. फ्रीलान्सर माणसाने सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचाच, नाहीतर एखाद्याने मानधन अडकवलं की दादाला फोन करावा लागतो. सहा महिन्यांचे झाले १,९२,०००. म्हणजे खरे मोकळे पैसे ६८,०००. एफडीच्या पावतीवर आकडा दोन साठचा असला, तरी मोहासाठी उपलब्ध असलेला आकडा अडुसष्टचाच. ही वजाबाकी करून बघा तुमच्याही खात्यावर. मजा येते... म्हणजे येत नाही.

दुसरा आकडा वेळेचा. मी एका महिन्याची नोंद ठेवली. किती तास गिटार हातात होती? सहा. महिन्याला सहा! या हिशेबाने पाच वर्षांत ३६० तास. दोन लाख दहा हजार भागिले ३६०, म्हणजे तासाला ५८३ रुपये. आमच्या जॅम रूमचं भाडं तासाला ४०० आहे. एसी, ड्रम्स आणि चहासकट.

हा आकडा आठवला की एक गोष्ट डोळ्यांसमोर येते. पुण्यात सेकंडहँड गिटारी शोधायला बसलं की सगळ्यात जास्त दिसणारे शब्द कुठले माहितीयेत? 'जेमतेम वाजवलेली.' 'नवीनसारखी.' 'घरातच वापरलेली.' बाणेर, वाकड, खराडी... कुणी कॅनडाला चाललंय, कुणाला बाळ झालंय, कुणी नुसतंच लिहिलंय, 'वेळ मिळत नाही'. मी त्यातल्या दोन बघायला गेले. एका घरी मेक्सिकन स्ट्रॅट होती, पिकगार्डवरची प्लास्टिकची फिल्मसुद्धा निघालेली नव्हती. मालक माझ्याच वयाचा. म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी बोनस आला तेव्हा घेतली. वाटलं, चांगली गिटार असली की आपोआप वाजवीन." मग त्यानेच ती केसमध्ये ठेवली, झिप लावली आणि केसवरून एकदा हात फिरवला. मी काही ती घेतली नाही. तिला 'नवीनसारखी' म्हणवून घ्यायला किती वाईट वाटत असेल असं वाटत राहिलं.

त्याचं वाक्य मात्र डोक्यात बसलं. आपण दोन लाख देतो ते बऱ्याचदा लाकूड-तांब्याचे नसतात. रोज संध्याकाळी साडेसातला लॅपटॉप बंद करून गिटार हातात घेणारी जी एक मुलगी आपण कल्पनेत ठरवलेली असते, तिच्यासाठी आपण ती खरेदी करतो. आणि ती मुलगी दुकानात मिळत नाही.

एका वाक्यात सांगा

मग घ्यायचीच नाही का? थांबा. मी मोडता घालायला बसलेली नाही. आत्याचं आणखी एक वाक्य आहे. "तंबोरा घेतला तेव्हा मी आठ वर्षं गात होते. जुन्या तंबोऱ्यावर काय अडतंय, ते मला बोटावर मोजून सांगता येत होतं."

हीच खरी परीक्षा. तुमची आत्ताची गिटार तुम्हाला नेमकं काय करू देत नाही? एका वाक्यात सांगा. 'आवाज भारी नाही' हे उत्तर चालणार नाही. 'फील येत नाही' हेही नाही. कॅमेऱ्याला, सायकलला, लॅपटॉपलाही हाच प्रश्न लागू. उत्तर देता येत नसेल, तर अडचण अजून वस्तूपर्यंत पोचलेलीच नाही.

सहा महिन्यांपूर्वी मलाही ते वाक्य देता येत नव्हतं. दहा हजारांच्या सेटअपनंतर मी वाजवायला लागले, कारण आता वाजवताना त्रास नव्हता. वहीत तास लिहीत गेले. सहा महिन्यांत १३१ तास झाले. म्हणजे महिन्याला बावीसच्या आसपास. या वेगाने पाच वर्षांत १,३१० तास, आणि मग तीच दोन लाख दहा हजारांची गिटार तासाला १६० रुपयांना पडते. जॅम रूमपेक्षा स्वस्त!

आणि या १३१ तासांत ते वाक्य सापडलं. दीड-दोन तास सलग वाजवलं की माझ्या डाव्या हाताचा अंगठ्याखालचा भाग भरून येतो, आणि बेसिस्टच्या स्ट्रॅटवर तो येत नाही. तिच्या नेकची जाडी माझ्या पंज्याला बसते, कडा गोलसर घासलेल्या आहेत. पिकअप बदलता आले, तारांची उंची बदलता आली, पण नेकचा आकार सेटअपने बदलत नाही. खात्री करायला मी त्याची गिटार आणखी दोन वीकेंड उसनी घेतली. (तो आता माझे फोन उचलत नाही.) मग दुकानात जाऊन तीन अमेरिकन आणि दोन मेक्सिकन वाजवल्या, प्रत्येकी अर्धा तास. तिथल्या मुलाने आधी मला कौतुकाने उकुलेले दाखवला आणि "मॅडम, भाच्यासाठी का?" असं विचारलं, ते सोडून देऊ. मेक्सिकन छान होत्या, पण माझ्या हाताचं उत्तर अमेरिकनच निघालं. रंग मात्र बदलला. सनबर्स्ट आता डोक्यातून गेलाय, नेक बरोबर असेल तर पोपटी रंगाचीही चालेल.

तर निकाल. घेणार. पण एफडीतल्या त्या एक लाख ब्याण्णव हजारांना हात लावणार नाही आणि ईएमआयही नाही. मोकळ्या ६८,००० मधून सेटअपचे दहा गेले, उरले ५८,०००. त्यात सहा महिने सात-सात हजारांची आरडी भरली, ते झाले ४२,०००. दोन्ही मिळून आज बरोबर एक लाख आहेत. उरलेले एक लाख दहा हजार याच वेगाने सोळा महिन्यांत होतील. तोवर किंमत थोडी वाढेल, माहितीये. पण मध्ये जर वहीतले तास पुन्हा महिन्याला सहावर आले, तर आरडी मोडून त्या पैशांचं आईच्या म्हणण्याप्रमाणे सोनं घ्यायचं, असा आईशी लेखी करार झालाय. आई दर रविवारी वही तपासते. काल म्हणाली, "या आठवड्यात चारच तास? बरं आहे, माझ्या बांगड्या होतील."

मी निमूटपणे गिटार उचलली. आत्याने दार लावून घेतलं.

चौकट: दुकानात पाऊल टाकण्याआधी

- आधी जवारी! आहे त्या गिटारचा सेटअप करून घ्या, नव्या तारा टाका आणि महिनाभर वाजवा. अर्ध्या लोकांची हौस इथेच भागते.

- अ‍ॅम्प तपासा. खेळण्यातल्या अ‍ॅम्पला दोन लाखांची गिटार जोडणं म्हणजे पैठणीवर रबरी चप्पल. आवाजच बदलायचा असेल, तर पैसे आधी तिथे घाला.

- एका महिन्याचे तास लिहा. अंदाजाने नको, खरे लिहा. किंमत भागिले पाच वर्षांचे तास. आकडा बघून घाम फुटला तर थांबा.

- सहा महिन्यांचा खर्च एफडीतून वजा करा. उरेल तेवढंच तुमचं 'बजेट'.

- दुकानात बसून वाजवा, उभं राहून वाजवा, किमान अर्धा तास वाजवा. डोळे मिटून नेक हातात फिरवा. मेक्सिकन आणि अमेरिकन दोन्ही वाजवा, आणि किंमत शेवटी विचारा.

- सेकंडहँड घेताना नेक सरळ आहे का, फ्रेट किती झिजलेत, सगळी बटणं खरखर न करता फिरतात का, ते बघा. आणि 'जेमतेम वाजवलेली' दिसली की मालकाला का विकतोय ते जरूर विचारा. त्याच्या उत्तरात स्वतःचा आवाज ऐकू आला, तर हात जोडून चहा पिऊन परत या.